चिंचेखाली थांबणारी गाडी

भर मे महिन्याच्या उन्हात, डोक्यावर ओले पंचे टाकून, शेदीडशे माणसं एका मोटारीची वाट पाहत उभी आहेत, असं तुम्ही कधी पाहिलंय? मी पाहिलंय. जबलपुरात, लढाई झाली त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे सहासष्ट साली. शहरातून खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्याकडे जाताना वाटेत एक लांब चढ लागायचा आणि चढाच्या माथ्यावर चिंचेचं जुनं झाड होतं. गर्दी त्या झाडाखाली जमायची. दर गुरुवारी.

मोटार आली की आधी तिचा आवाज यायचा. लाल रंगाची, लांब नाकाची, तारांच्या चाकांची, वर कापडी टप आणि आत दोनच माणसांची जागा. शर्यतीत पळवायची विलायती गाडी, पण वय झालेली. चाकामागे बसलेली बाई त्याहून वेगळी. साधं सुती पातळ, कपाळ रिकामं, नजर सरळ रस्त्यावर. गाडी चढ चढायची, माथ्यावर यायची, दोनचार आचके द्यायची आणि बरोबर चिंचेपाशी बंद पडायची. लोक पुटपुटायचे, "रुक गए. साहब रुक गए." आणि हात जोडायचे.

मग चिंचेच्या बुंध्यापासून इमलीवाले महाराज उठायचे. धिप्पाड माणूस, दाढी काळीभोर, अंगात भगवी बंडी. बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटायचे आणि त्यांची गाडी सुरू व्हायची, तोंडाची. "साहब अंदर हैं. साहब ने शरीर छोड़ा है, स्टेरिंग नहीं छोड़ा. धूप में चलके आए हैं, साहब को प्यास लगी है." मग कॅनव्हासच्या छागलीतलं नर्मदेचं पाणी एका भगव्या फडक्यावर ओतायचं, बॉनेट उघडायचं, फडकं आत कुठंतरी ठेवायचं आणि भजन म्हणायचं. भजन चांगलं ऐसपैस असायचं. ते संपलं की महाराज म्हणायचे, "चलो साहब, अब बाईजी को घर ले चलो." बाई किल्ली फिरवायची आणि गाडी सुरू व्हायची. नारळ फुटायचे. बायका चाकांना कुंकू लावायच्या. एका गृहस्थानं तर मुलाच्या मॅट्रिकचा निकाल गाडीच्या कानात विचारला. गाडीचा कान कुठला हे त्याचं त्यालाच ठाऊक.

मी त्या गर्दीत का होते ते सांगते. माझं नाव शरयू. मुलींच्या शाळेत मी पदार्थविज्ञान शिकवत असे. लग्न केलेलं नव्हतं, तोंड फटकळ होतं आणि 'शरयूबाईंना देवाधर्माचं काही नाही' अशी माझी ख्याती होती. चाकामागची ती बाई, प्रमोदिनी, खमरियाच्या वसाहतीत माझ्या बहिणीच्या क्वार्टरला लागून राहायची. बहिणीकडे जायची तेव्हा दोघींच्या अंगणात पाऊल पडायचंच.

तिचा नवरा रत्नाकर कारखान्यात इंजिनिअर होता. एक इंग्रज साहेब देश सोडून जाताना ही गाडी बंगल्यामागच्या गवतात टाकून गेला होता. रत्नाकरनं ती उचलली आणि सुट्टीच्या दिवसांत खपून पुन्हा रस्त्यावर आणली. तो गाडीखाली झोपलेला आणि ही बाजूला बसून एकेक पाना हातात देणारी, असं जोडपं मी कित्येकदा पाहिलं होतं. तिला चालवायलाही त्यानंच शिकवलं. वसाहतीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, पण ही आपली हॉर्न वाजवत निघून जायची.

लढाईच्या सप्टेंबरात रत्नाकरला कावीळ झाली. त्या दिवसांत वसाहत म्हणजे नुसता भोंगा होता. एक भोंगा वाजला की माणसं जायची, दुसरा वाजला की यायची, जेवायची आणि मेल्यासारखी झोपायची. रात्री दिवे नाहीत, खिडक्यांना काळे कागद. रत्नाकर गेला तेव्हा खांदा द्यायला माणसं गोळा करताना आमच्या नाकी नऊ आले. लढाई संपली, तरी ओव्हरटाइम काही संपला नाही. प्रमोदिनीला कारखान्याच्या ऑफिसात नोकरी मिळाली, क्वार्टर राहिलं, आणि दारात ताडपत्री घातलेली ती गाडी राहिली. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी ती ओट्यावर बसून समोरच्या रस्त्याकडे पाहायची. जाणारा येणारा मान हलवायचा आणि पुढं जायचा. विधवेच्या अंगणात काय बोलायचं हे कुणाला कळत नाही, म्हणून कुणी जात नाही. आपल्या लोकांची ही जुनी खोड आहे.

एप्रिलमध्ये तिनं ताडपत्री काढली. एका गुरुवारी शहरात काही काम होतं म्हणून गाडी घेऊन गेली, आणि येताना ती चिंचेपाशी बंद पडली. झाडाखाली एक साधू चिलीम ओढत बसला होता. तो उठला, ओलं फडकं ठेवलं, गाडी सुरू झाली. साधूनं विचारलं, गाडी कुणाची? हिनं सांगितलं, आणि सांगताना रडली असणार. साधू म्हणाला, "वही तो. वही रुके थे." झालं. साधूचे महाराज झाले, आणि दर गुरुवारची ती फेरी ठरून गेली.

मी तिच्या घरी गेले तेव्हा गुरुवारची दुपार उलटली होती आणि घरात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारणी, त्यांची पोरं, कुठून कुठून आलेली अनोळखी माणसं. चहाचं आधण चुलीवरून उतरत नव्हतं. प्रमोदिनी कपबशा देत फिरत होती, गाल लाल झालेले, कितीतरी महिन्यांनी माणसात आल्यासारखी दिसत होती. मला एका बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, ते तिथंच थांबायचे हो. चढ चढला की चिंचेखाली गाडी उभी करायचे, पाणी प्यायचे, मग पुढं. मी कुणाला सांगितलंही नव्हतं हे. आणि गाडीत बसलं ना, की त्यांचा वास येते. हाताला असायचा तोच."

"कसला वास?"

"पेट्रोलचा," ती म्हणाली. "त्यांच्या हातांना नेहमी असायचा. आताशा पूर्ण गाडीत भरून राहिला आहे."

 अंगणात जाऊन मी गाडीला नाक लावलं. वास होताच, आणि भुताखेताचा नव्हता. बॉनेटखालून चाकाच्या बाजूला ओल धरली होती. मी बोलायला तोंड उघडणार, तोच आत भय्यासाहेब बोलायला उभे राहिले. भय्यासाहेब म्हणजे सिविल लाइंसमधले जुने वकील. मराठ्यांच्या अमलात त्यांचे पूर्वज इकडे आले आणि अजून त्यांचा तोरा उतरला नव्हता. लढाईत ते नागरी संरक्षणाचे वॉर्डन होते, शिट्टी घेऊन घरोघर फिरायचे. आता महाराजांचे पट्टशिष्य झाले होते. त्यांनी जाहीर केलं की गंगा दशहऱ्याला चिंचेखाली मोठा यज्ञ होईल. सौभाग्यवती असताना बसायची तशीच प्रमोदिनीबाई गाडीत बसेल. महाराज कापराची पेटती थाळी बॉनेटच्या आत फिरवून साहेबांची आरती करतील. त्यानंतर साहेब गाडीत कायमचे स्थिर होतील.

टपकणाऱ्या पेट्रोलला पेटता कापूर, आणि आत बसलेली बाई! माझ्या डोळ्यांपुढं काय आलं ते मी लिहीत नाही.

मी भय्यासाहेबांना गाठलं. गाडीची नळी गळते आहे, आगीजवळ नेऊ नका, असं सरळ सांगितलं. ते मला म्हणाले की यंत्राच्या जागी यंत्र आणि श्रद्धेच्या जागी श्रद्धा, आणि बाईमाणसानं प्रत्येक गोष्टीत नाक खुपसू नये. मी म्हटलं, नाक खुपसलं म्हणूनच वास आला. त्यावर त्यांनी पाठ फिरवली.

मग मी माझ्या विषयाकडे वळले. गाडी दर वेळी तापल्यावरच बंद पडते, सकाळच्या गारव्यात कधीच पडत नाही, हे मी प्रमोदिनीकडून काढून घेतलं होतं. आणि ते ओलं फडकं मला खुपत होतं. महाराज ते भक्तिभावानं कुठंही ठेवत नव्हते. दर वेळी एकाच जागी ठेवत, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या पंपावर आणि त्याला येणाऱ्या नळीवर. बॉनेटची कडीसुद्धा न बघता काढत.

एका रविवारी मी प्रमोदिनीला म्हटलं, मला शहरात नेऊन आण. भर दुपारी आम्ही तिकडून परत निघालो. गाडी चिंचेपाशी बंद पडली. त्या दिवशी तिथं कुणी नव्हतं, महाराज कुठं निमंत्रणाला गेले होते. मी माझ्या थर्मासमधलं पाणी रुमालावर ओतलं, रुमाल पंपावर ठेवला आणि मंत्राऐवजी तेराचा पाढा म्हटला. थोड्या वेळानं तिला सांगितलं, फिरव किल्ली. गाडी सुरू झाली. मी विजयानं तिच्याकडे पाहिलं.

तिचे डोळे भरले होते. "पाहा ताई," ती म्हणाली, "तुमचं पण ऐकलं त्यांनी. तुमच्यावर त्यांचा जीवच होता."

मी कपाळावर हात मारला. श्रद्धेला पुरावा दिला की ती पुरावासुद्धा गिळते आणि वर ढेकर देते. त्या दिवशी मला एवढं कळलं की मी सिद्ध करून उपयोग नाही. पाहायला हवं ते तिनं. आणि तिला पाहायचंच नव्हतं.

गंगा दशहऱ्याच्या दिवशी चिंचेखाली मांडव पडला होता. वरून आग ओतावी तसं ऊन. गाडी आली, आचके देत थांबली. प्रमोदिनी चाकामागे बसून राहिली, हात मांडीवर. महाराजांनी बॉनेट उघडलं. साहेबांची स्तुती सुरू झाली, की साहेब अमर आहेत, साहेबांना ना क्लच लागतो ना ब्रेक. मागे भय्यासाहेब सोवळं नेसून पितळी थाळी धरून उभे. थाळीत कापराचा ढीग. तो पेटवला तशी गर्दी पुढं सरकली.

मी त्याआधीच गाडीपाशी जाऊन वाकले होते. बॉनेटच्या आत पंपाजवळ नळीला जिथं बाक होता, तिथं रुमाल दाबून धरला. क्षणात ओलाचिंब झाला. तो घेऊन मी महाराजांच्या आणि गाडीच्या मध्ये उभी राहिले. थाळी आता त्यांच्या हातात आली होती.

"महाराज, थाळी तिथंच धरा, पुढं आणू नका," मी म्हटलं. "आधी याचा वास घ्या. साहेब या रुमालात आले आहेत."

मी लांबूनच रुमाल झटकला. वास त्यांच्या नाकात गेला असावा. त्यांचे डोळे एकदम बदलले. माझ्या रुमालाकडे पाहिलं, गाडीखालच्या ओल्या मातीकडे पाहिलं, आणि महाराज थाळी डोक्यावर उंच धरून जे मागे सरले ते रस्ता ओलांडून पलीकडच्या बांधावर जाऊन उभे राहिले. एवढा मोठा माणूस एवढा चपळ असेल असं मला वाटलं नव्हतं. साहेबांची आरती राहिली बाजूला.

मी लोकांना मागे सारलं आणि गाडीपासून दूर, रस्त्यापल्याडच्या मोकळ्या मुरमात एका दगडावर रुमाल टाकला. महाराजांच्या थाळीतला पेटता कापूर यज्ञासाठी आणलेल्या लांब दांड्याच्या पळीत घेतला आणि हात लांब करून रुमालावर टाकला. भक्कन जाळ झाला, माणसाच्या कमरेइतका. लोक ओरडून मागे पळाले. रुमालाची राख झाली तशी मी मांडवाकडे वळले.

"आता ही थाळी गाडीत फिरवायची होती," मी म्हटलं. "ती आत बसली असताना."

पण प्रमोदिनी अजून आतच होती. मी तिच्यापाशी गेले. म्हटलं, उतर. ती म्हणाली, "ते आत आहेत, ताई."

"आत पेट्रोल आहे. प्रमोदिनी, ही गाडी अशी गळत असताना रत्नाकरनं तुला हिच्यात बसू दिलं असतं का?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग ती उतरली, पदर कमरेला खोचला आणि सगळ्या गावासमोर त्या तापल्या रस्त्यावर पाठ टेकून गाडीखाली शिरली. भय्यासाहेब 'अहो, हे काय' म्हणायला लागले, तर पुष्पा नावाच्या तिच्या शेजारणीनंच त्यांना गप्प केलं.

खालून प्रमोदिनीचा आवाज आला, शांत, कामातला. "नळी धरून ठेवणारी पकड तुटली आहे. नळी सायलेन्सरवर टेकून राहिली." ती बाहेर आली, बॉनेटमध्ये वाकली, बाकाजवळच्या रबरी तुकड्यावर बोट फिरवलं. रबर वाळलं होतं, वाकवलं की त्याला पडलेल्या चिरा उघडत होत्या आणि थेंब यायचा. "हा तुकडा त्यांनी तात्पुरता घातला होता. लढाईत बाहेरचे सुटे भाग येत नव्हते ना. म्हणाले होते, मिळाला की बदलू." तिनं गाडीतली हत्यारांची पिशवी काढली, पाना घेतला आणि जोडावरचा नट आवळायला लागली. नट हटेना. तिनं जोर लावला.

पलीकडच्या बांधावरून आवाज आला, "बाईजी, जोर मत लगाइए, नट फट जाएगा. पहले पीछे टंकी की टोंटी बंद कीजिए, फिर खोलिए."

सगळ्या माना तिकडं वळल्या. महाराज आपली जीभ चावत उभे होते.

"महाराजांना टाकीची तोटी काहून माहीत?" हे विचारलं भय्यासाहेबांनीच. वकील होते शेवटी.

महाराजांनी एक उसासा सोडला आणि थाळी खाली ठेवली. ते पूर्वी नागपूरच्या रस्त्यावर लॉरी चालवायचे. गर्मीत पेट्रोल तापलं की पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि बिडी ओढत बसायचं, हे प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक असतं, असं ते म्हणाले. "मैंने तो पहले दिन मदद ही की थी, बहनजी. बाईजी रो रही थीं. फिर लोग पैर छूने लगे." पेट्रोल गळतं आहे हे मात्र त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. ते मी मानते, कारण पळाले ते खरे पळाले. संध्याकाळपर्यंत चिंचेखाली ना महाराज राहिले, ना त्यांची चिलीम.

तिथंच मी लोकांना उरलेलं सांगितलं. घरच्या नळात हवा धरली की काय होतं? तोटी खुळखुळते, पण पाणी येत नाही. पेट्रोलचंही तेच. नळी सायलेन्सरवर भाजली की आतलं पेट्रोल उकळतं, त्याची वाफ होते आणि पंपाला वाफ ढकलता येत नाही. ओल्या फडक्यानं नळी निवते, वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. नर्मदेचं पाणी असो की नगरपालिकेचं. नुसतं थांबलं तरी चालतं, म्हणून तर भजन लांबलचक. चढ चढून आल्यावर गाडी सगळ्यात तापलेली असते, म्हणून चिंच. रत्नाकरही तिथं थांबायचा तो याचसाठी, गाडीला श्वास घ्यायला. तो गाडीला थांबवायचा, आता गाडी प्रमोदिनीला थांबवत होती.

"पण मागच्या उन्हाळ्यात एकदाही बंद पडली नव्हती," प्रमोदिनी म्हणाली.

मी बॉनेटवर हात ठेवला. त्या गाडीच्या लांब नाकाला दोन्ही बाजूंनी फटी होत्या, आतली गरम हवा बाहेर पडावी म्हणून कापलेल्या. त्या सगळ्या फटींवर जाड कागद खळीनं चिकटवलेला होता आणि वरून काळा रंग. महाराज त्याला साहेबांची काळी पट्टी म्हणायचे. मी विचारलं, हे कुणी केलं? तिनं भय्यासाहेबांकडे पाहिलं.

भय्यासाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. लढाईत काळोखाचा हुकूम होता, तेव्हा वॉर्डन म्हणून ते घरोघर फिरले होते. इंजिनात ठिणगी असते, ती फटींतून वर विमानाला दिसेल, बुजवा, असं त्यांनी शिट्टी वाजवून फर्मावलं होतं. उभी असलेली गाडी, ठिणगी कसली आणि विमान कसलं! पण रत्नाकर आत तापानं फणफणत होता, आणि हिनं एकटीनं, मैद्याची खळ शिजवून, एकेक फट बुजवली. तो उठला असता तर हसला असता आणि ओरबाडून काढली असती. तो उठलाच नाही. त्या महिन्यातलं घरातलं काहीच तिनं काढलं नाही. खिडक्यांचे काळे कागदसुद्धा अजून तसेच होते. हे मी आत जाऊन पाहिलं होतं, पण मला त्याचा अर्थ तिथं, चिंचेखाली लागला.

कागद मी काढला नाही. तिनंच महाराजांचं ओलं फडकं उचललं, कागदावर दाबून धरलं, आणि खळ भिजली तशी एकेक पट्टी सोलून काढली. ती रडत होती आणि काढत होती. लोक हळूहळू पांगले.

गाडी आम्ही बैल लावून घरी आणली. तांब्याची नवी नळी हवी होती. विलायती माल मिळत नव्हता, म्हणून सराफ्यातल्या एका कारागिराकडून तिनं नळीची टोकं हवी तशी करून घेतली. सोन्याच्या बांगड्या जोडणारा माणूस आमच्याकडे वेड्यासारखा पाहत होता. रबरी तुकडा लॉरीच्या दुकानातला, पेट्रोल सोसणारा. नळी सायलेन्सरपासून दूर नेऊन तिनं नव्या पकडीत बसवली, प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून ओल येते का ते पाहिलं. ती गाडीखाली होती आणि बाजूला बसून पाने देत होते मी. चुकीचा पाना दिला की ओरडायची.

मग आम्ही गाडी बाहेर काढली, भर उन्हात. चढ आला. चिंच आली. गाडी थांबली नाही. इंजिन एकसारखं वाजत होतं, आणि प्रमोदिनीनं पुढं जाऊन रस्त्याच्या कडेला स्वतःच ती उभी केली. मी तिला शाबासकी देणार होते. तिनं स्टेरिंगवर डोकं ठेवलं.

"आता खरंच गेले हो ते," ती म्हणाली.

 पदार्थविज्ञानात यावर काही नाही. मग ती डोळे पुसत म्हणाली, "ताई, मी वर्षानुवर्षं त्यांना पाने दिले. गळकी नळी मला कळत नसेल? पहिल्या दिवशीच नाकाला कळलं होतं. मला खाली वाकून पाहायचं नव्हतं. पाहिलं असतं तर गुरुवारी घरी कोण आलं असतं?"

तेव्हापासून त्या गर्दीतलं कुणी गुरुवारी तिच्या घरी आलं नाही. जे चाकांना कुंकू लावत होते, ते आता दारावरून जाताना मान हलवतात आणि पुढं जातात. चमत्कार संपला, गर्दी संपली.

म्हणून हे वाचणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी वाकून पाहा. नळी कुठं टेकली आहे, फट कुणी बुजवली आहे, फडकं नेमकं कुठं ठेवलं जातंय, ते स्वतःच्या बोटांनी चाचपा. कुणी सांगतं म्हणून मानू नका, मी सांगते म्हणूनही नाही. पण बुवाचं बिंग फोडलं की आपलं काम झालं, असंही समजू नका. बुवा एका माणसाच्या रिकाम्या ओट्यावर येऊन बसला होता. त्याला उठवलंत, तर ती जागा पुन्हा रिकामी झाली. तिथं आता आपण जाऊन बसायचं असतं. आज गुरुवार आहे. मी निघाले.